घोड्याचं आजोळ

फेब्रुवारीतला एक रविवार. आयर्लंडच्या वेक्सफर्ड काउंटीतलं उताराचं शेत, दोऱ्या बांधून आखलेली धाव, कडेला चिखलात रुतलेल्या गाड्या आणि चिप्सच्या ठेल्यावरून येणारा व्हिनेगरचा वास. चार वर्षांच्या घोड्यांची, अडथळ्यांवरून उड्या मारायची शर्यत नुकतीच संपली होती. जिंकलेला तपकिरी घोडा माझ्यापासून दोन हातांवरून गेला. अंगातून वाफा निघत होत्या, मांड्यांवर चिखलाची पुटं चढली होती, नाकपुड्या आतून लालबुंद दिसत होत्या. खोगीर उतरवलं तेव्हा पाठीवर त्याच आकाराचा ओला डाग उमटला होता. माझ्या शेजारी एक वयस्कर शेतकरी उभे होते. त्यांनी जॉकीचं नाव विचारलं नाही, घोड्याचा बाप कोण हेही विचारलं नाही. हातातल्या शर्यतीच्या कार्डावर बोट फिरवत त्यांनी एवढंच विचारलं, "कुणाच्या पोटचा?"

इथे घोड्याची ओळख करून द्यायची रीतच तशी आहे. बापाकडून तो 'अमक्याचा' आणि आईकडून 'तमकीच्या पोटचा'. मराठीत हे किती सहज बसतं! त्या दिवशी जिंकलेला घोडा आयुष्यात पहिल्यांदाच शर्यतीत पळाला होता. तरीही असा घोडा आठवड्या-दोन आठवड्यांत लिलावात उभा राहतो, आणि त्याच्यावरची बोली कधी कधी डब्लिनमधल्या घराच्या किमतीला जाऊन भिडते. एका धावेवर एवढा पैसा कोण लावेल? लावणारा त्या धावेसोबत एक कागदही वाचत असतो, वंशावळीचं पान. ते पान कसं वाचतात, त्यातलं काय खरं ठरतं आणि काय हातातून निसटतं, ते या लेखात सांगते.

मुंबईला महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर होतात त्या शर्यती सपाटीच्या. तिथे वेग हेच सगळं, आणि दोन-तीन वर्षांचं कोवळं जनावर पळायला लागतं. उडीच्या शर्यतीचा हिशेब वेगळा. अंतर किमान दोन मैल. वाटेत अडथळे. हर्डल म्हणजे साधारण साडेतीन फुटांचे, थोडे लवणारे. फेन्स म्हणजे किमान साडेचार फुटांचे, भरीव. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा गोल्ड कप ही उडीची सर्वात मानाची शर्यत, तिच्यात सव्वातीन मैलांहून जास्त अंतर आणि बावीस फेन्स असतात. या खेळाची आठवण सांगितली जाते ती १७५२ सालची. कॉर्क काउंटीत दोघा शेजाऱ्यांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, मनोऱ्याची खूण धरून, वाटेतली कुंपणं आणि ओढे ओलांडत पैज लावली होती. मनोऱ्याला इंग्रजीत 'स्टीपल', म्हणून शर्यतीचं नाव 'स्टीपलचेस'.

असा घोडा सावकाश घडतो. तीन वर्षांचा होईपर्यंत तो कुरणात नुसता चरतो, पाठीवर कुणी बसलेलंही नसतं. अशा घोड्याला इथे 'स्टोअर' म्हणतात, राखून ठेवलेला माल. उन्हाळ्यात फेअरीहाउस आणि किल इथल्या लिलावांत तो विकला जातो. मग त्याला लगाम, खोगीर, उडी शिकवतात आणि चौथ्या वर्षी शेतातल्या 'पॉइंट-टू-पॉइंट' शर्यतीत उतरवतात. अंतर साधारण तीन मैल, स्वार हौशी. तिथे चमकला की मोठ्या तबेल्यात जातो आणि 'बंपर'मध्ये पळतो. बंपर म्हणजे उडीच्या घोड्यांसाठीची, पण अडथळे नसलेली शर्यत. त्यानंतर हर्डल आणि शेवटी फेन्स. त्याची खरी ताकद दिसते सातव्या ते नवव्या वर्षी. हा वेळ लक्षात ठेवा, पुढचं सगळं कोडं या वेळातूनच निर्माण होतं.

राजा, पण निर्वंश

किल्डेअर काउंटीत टली नावाच्या गावी आयरिश नॅशनल स्टड, म्हणजे घोड्यांचं पैदास केंद्र आहे. तिथल्या संग्रहालयात एका घोड्याचा सापळा उभा आहे. बरगड्यांचा पिंजरा, लांब मान, पुढच्या पायांची नळीसारखी हाडं. हा आर्कल. जन्म १९५७, आणि १९६४, १९६५, १९६६ अशी सलग तीन वर्षं गोल्ड कप त्याचा. आयर्लंडमध्ये त्याला नुसतं 'तो' म्हटलं तरी कळायचं, इतका तो लोकांचा लाडका. पहिल्यांदा त्या सापळ्यासमोर उभी राहिले तेव्हा मनात पहिला प्रश्न आला, याची नातवंडं-पतवंडं आज कुठे असतील? उत्तर असं की कुठेच नाहीत. आर्कल खच्ची केलेला होता.

उडीच्या खेळातले जवळजवळ सगळे नर लहानपणीच खच्ची करतात. कारणं व्यवहाराची आहेत. न खच्ची केलेला घोडा माज करतो, शेजारच्या घोडीकडे लक्ष देतो, पुढून जड होतो. फेन्सला घासून उडी मारताना इजेची भीती वेगळी. आणि हे घोडे अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत पळायचे असतात, म्हणजे रोज तबेल्यात हाताळता येईल असा शांत स्वभाव लागतो. म्हणून बेस्ट मेट, कौटो स्टार, डेनमन, इस्ताब्राक हे सगळे मोठे विजेते आपल्या मागे एकही शिंगरू न ठेवता गेले.

सपाटीच्या शर्यतीत जो जिंकतो तोच पुढच्या पिढीचा बाप होतो. निवड सरळ होते. उडीच्या शर्यतीत ज्यानं सर्वोत्तम असल्याचं सिद्ध केलं, नेमकं त्याचंच रक्त पुढे जात नाही. त्यात थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या शुद्ध जातीच्या, घोड्यांच्या नियमांनुसार कृत्रिम रेतनाला बंदी आहे. घोडी प्रत्यक्ष स्टॅलियनकडे, म्हणजे पैदाशीसाठी राखलेल्या नराकडे न्यावीच लागते, वीर्य साठवून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

मग चॅम्पियन येतात कुठून? उत्तर दोन ठिकाणी आहे. एक, सपाटीवर लांब अंतर पळलेले स्टॅलियन. दोन, घोड्या. नर खच्ची होतात, माद्या होत नाहीत. उडीच्या मैदानावर स्वतः पळून, उड्या मारून, चिखल तुडवून जे काही सिद्ध होतं ते पुढच्या पिढीत नेणारी बहुतेक वेळा एकटी आईच असते. त्या शेतकऱ्यांनी बाप न विचारता आई का विचारली, ते आता लक्षात येईल. आर्कलचंच पाहा. त्याचा बाप आर्काइव्ह, रक्त उत्तम, नीअर्को या थोर घोड्याचा मुलगा, पण स्वतः एकही शर्यत न जिंकलेला. आई ब्राइट चेरी मात्र उडीच्या शर्यती जिंकलेली. खाण तशी माती ही म्हण आपण मुलीबाबत वापरतो, इथे ती मुलालाही लागू पडली.

अंधारात पेरलेलं बी

तरी बापाला विसरून चालत नाही, कारण एका घोडीला वर्षाला एकच शिंगरू होतं. अकरा महिन्यांची गाभण. उलट लोकप्रिय स्टॅलियन एका हंगामात दोनशेहून जास्त घोड्या फळवतो. एक चुकीचा बाप अख्ख्या देशाचं एक दशक बिघडवू शकतो, आणि एक योग्य बाप ते घडवतो.

आयरिश उडीच्या घोड्यांच्या बापाकडच्या रेषेत एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं, सॅडलर्स वेल्स. जन्म १९८१, कॅनडाच्या नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, कूलमोर स्टडचा आधारस्तंभ. तो सपाटीचा बादशहा होता, पण त्याच्या संततीत दम आणि झुंजायची वृत्ती अशी उतरली की उडीच्या जगानं त्याची मुलं उचलली. ओल्ड विक, किंग्ज थिएटर, ऑस्कर, मिलान, केफ तारा, येट्स हे सगळे त्याचे मुलगे आणि उडीच्या घोड्यांचे नामांकित बाप. ओल्ड विकचा किकिंग किंग २००५ मध्ये गोल्ड कप जिंकला, ऑस्करचा लॉर्ड विंडरमिअर २०१४ मध्ये. १९९८ ते २००० सलग तीन वर्षं चॅम्पियन हर्डल, म्हणजे हर्डलची सर्वात मानाची शर्यत, जिंकणारा इस्ताब्राक तर खुद्द सॅडलर्स वेल्सचाच.

आता त्याच्या एका नातवाची गोष्ट, कारण आजच्या तरुण विजेत्यांची वंशावळ वाचताना तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. सॅडलर्स वेल्सचा मुलगा माँज्यू. माँज्यूचा मुलगा वॉक इन द पार्क. २००५ च्या एप्सम डर्बीत, म्हणजे इंग्लंडमधल्या सपाटीच्या मानाच्या शर्यतीत, तो दुसरा आला, पहिला आलेला मोटिव्हेटरही माँज्यूचाच. दुसऱ्या आलेल्याला सपाटीच्या जगात फारसा मान नसतो. वॉक इन द पार्क फ्रान्समध्ये स्टॅलियन म्हणून राहिला, मोठा गाजावाजा न होता. तिथे त्याच्यापासून दुवान आणि मिन झाले. दोघेही विली मलिन्स यांच्या आयरिश तबेल्यात आले. दुवान २०१५ मध्ये चेल्टनहॅमची सुप्रीम नॉव्हिसेस हर्डल, म्हणजे हर्डलवरच्या नवख्यांची शर्यत जिंकला आणि २०१६ मध्ये फेन्सवरच्या नवख्यांची आर्कल चेस. फेन्सवर त्याची उडी पाहणं म्हणजे सुख होतं. जमिनीवरून उचलल्यावर तो हवेत क्षणभर जास्तच थांबायचा असं वाटे. हे पाहून कूलमोरनं त्याच्या बापाला कॉर्क काउंटीतल्या फर्मॉयच्या ग्रेंज स्टडवर आणलं. २०१६ पासून आयरिश घोड्या त्याच्याकडे जाऊ लागल्या.

आता वर्षं मोजा. २०१६ च्या वसंतात घोडी फळली. २०१७ मध्ये शिंगरू झालं. २०२० मध्ये ते तीन वर्षांचं. बंपर २०२२ च्या आसपास. आणि गोल्ड कपच्या वयाला पोचेपर्यंत २०२४-२५. म्हणजे 'हा बाप खरंच मोठा का?' याचं पक्कं उत्तर मिळायला आठ-नऊ वर्षं लागतात, आणि तोवर त्यानं आणखी आठ हंगाम घोड्या फळवलेल्या असतात. याआधीच्या पिढीतले कितीतरी स्टॅलियन नाव होईपर्यंत म्हातारे झालेले असत, काही तर जगातून गेलेले. आयर्लंडमध्ये उडीच्या घोड्यांची पैदास करणारे बहुतेक जण एक-दोन घोड्या पाळणारे शेतकरी. दर वसंतात त्यांना हा निर्णय अंधारातच घ्यावा लागतो. म्हणून चार-पाच वर्षांच्या घोड्याच्या विजयाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. त्या लहान विजयाचं महत्त्व शर्यतीच्या बक्षिसापेक्षा कितीतरी मोठं असतं, कारण तो त्याच्या बापाबद्दलची पहिली खबर घेऊन आलेला असतो.

वॉक इन द पार्कच्या बाबतीत खबर चांगली निघाली. मार्च २०२२ मध्ये चेल्टनहॅमची चॅम्पियन बंपर जिंकला तो फॅसील व्हेगा, त्याच्या आयर्लंडमधल्या पहिल्याच वर्षाच्या शिंगरांपैकी. आणि २०२५ चा गोल्ड कप जिंकला तोही त्याचाच मुलगा, आयनोदवेयुअरथिंकिन. या नावाचं एक सांगण्यासारखं आहे. घोड्याच्या नावात जास्तीत जास्त अठरा अक्षरं चालतात, आणि रोमन लिपीत हे नाव एकही जागा न सोडता बरोबर अठरा अक्षरांत बसवलं आहे!

पानावरचं आजोळ

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक घोड्याला एक पान. वरच्या बाजूला आडवी पडलेली छोटी वंशावळ, तीन पिढ्यांची. बापाची वरची फांदी, आईची खालची. बापाबद्दल जेमतेम दोन-चार ओळी, कारण त्याला सगळेच ओळखतात. बाकीचं अख्खं पान आजोळाचं. पहिली आई, म्हणजे घोड्याची आई, तिनं काय जिंकलं, तिला किती शिंगरं झाली, त्यांनी काय केलं. मग 'दुसरी आई' म्हणजे आजी आणि तिची मुलं, म्हणजे घोड्याचे मामा आणि मावश्या. मग 'तिसरी आई' म्हणजे पणजी.

यात काही नावं ठळक अक्षरांत असतात. मान्यताप्राप्त वरच्या दर्जाची शर्यत जिंकली तर नाव ठळक मोठ्या अक्षरांत, अशा शर्यतीत क्रमांक आला तर ठळक लहान अक्षरांत. याला धंद्यात 'ब्लॅक टाइप' म्हणतात. सरावलेला माणूस पान हातात आलं की वाचत नाही, नुसतं बघतो. काळेपणा कुठे दाटलाय? वरती, आईजवळ असेल तर सोनं. खाली पणजीपाशी साचला असेल तर ते घराणं कधीकाळचं श्रीमंत, आता वाडा तेवढा उरलेला.

नात्याचा एक नियम नवख्याला हमखास चकवतो. दोन घोड्यांचा बाप एकच असला तरी ते भाऊ मानले जात नाहीत. एका बापाची वर्षाला शेकडो मुलं, त्यांना भाऊ म्हणून किती जणांची नावं घेणार? आई एक, बाप वेगळे, तरच ते अर्धे भाऊ. दोघंही एक, तर सख्खे. इस्ताब्राकची आई बेटीज सीक्रेट. तिचाच दुसरा मुलगा सेक्रेटो, नॉर्दर्न डान्सरपासून झालेला, १९८४ ची एप्सम डर्बी जिंकलेला. म्हणून इस्ताब्राक हा 'डर्बी विजेत्याचा अर्धा भाऊ' होता. पण ऑस्कर आणि इस्ताब्राक दोघेही सॅडलर्स वेल्सचे असूनही त्यांचं नातं पानावर कुणी लावत नाही. नातं आईच्या पोटावरून ठरतं.

सख्ख्या भावाची किंमत काय असते? दुवानचा सख्खा धाकटा भाऊ जॉनबॉन. जन्म फ्रान्सचा, पण उडीचं शिक्षण आयर्लंडमधलं. नोव्हेंबर २०२० मध्ये कॉर्क काउंटीतल्या ड्रोमाहेनला तो आपला पहिला पॉइंट-टू-पॉइंट जिंकला आणि लगोलग लिलावात ५,७०,००० पौंडांना विकला गेला. घेणारे घोडेमालक जे. पी. मॅकमॅनस. एकच शर्यत झाली होती, पण पानावर 'दुवानचा सख्खा भाऊ' असं लिहिलेलं होतं. तो पुढे इंग्लंडमध्ये निकी हेंडरसन यांच्या तबेल्यात वरच्या दर्जाच्या शर्यती पुन्हा पुन्हा जिंकत राहिला, म्हणजे या वेळी पानानं दिलेला शब्द पाळला.

आता फॅसील व्हेगाचं आजोळ. त्याची आई क्वेव्हेगा. २००९ ते २०१४ अशी सलग सहा वर्षं तिनं चेल्टनहॅमची मेअर्स हर्डल, म्हणजे फक्त माद्यांची हर्डल शर्यत, जिंकली. नाजूक बांध्याची ही घोडी कित्येक वर्षं तर त्या हंगामात पहिल्यांदा चेल्टनहॅमलाच मैदानात उतरायची आणि जिंकायची. तिच्या पोटी वॉक इन द पार्कचं शिंगरू आलं आणि पाच वर्षांनी चॅम्पियन बंपर जिंकलं. आयनोदवेयुअरथिंकिनची आई स्वे ही फ्रेंच घोडी. तिचीच मुलगी लिमरिक लेस, याच बापाची, २०२४ मध्ये चेल्टनहॅमची मेअर्स चेस जिंकली होती. आधी बहीण जिंकली, वर्षभरानं धाकट्या भावानं गोल्ड कप नेला. त्या पानावर आता वरच्या दोन ओळीच काळ्याकुट्ट आहेत.

माद्यांचं हे मोल इथे उशिरा कळलं, हे मला फार लागतं. बरीच वर्षं उडीच्या शर्यतींसाठी मादी शिंगराला गिऱ्हाईकच नसायचं. नर जन्मला तर स्टोअर म्हणून विकता येई, मादी जन्मली तर शेतकऱ्याचा चेहरा पडे. घोडी पळवलीच नाही तर तिच्यात काय आहे हे कळणार कसं? न पळलेल्या आईच्या पोटी न पळलेली मुलगी, अशा दोन-तीन पिढ्या गेल्या की पान पांढरंफटक. पुढे चेल्टनहॅमला माद्यांसाठी वेगळ्या शर्यती आल्या, २००८ मध्ये मेअर्स हर्डल आणि २०२१ मध्ये मेअर्स चेस. आयर्लंडमध्ये जिंकणाऱ्या माद्यांना जादा बोनस देणाऱ्या योजना आल्या. नरांबरोबर पळताना माद्यांना पाठीवर सात पौंड कमी वजन घेण्याची सवलत असते, तिचा उपयोगही होऊ लागला. हनीसकलनं २०२१ आणि २०२२ ची चॅम्पियन हर्डल नरांना हरवून जिंकली आणि सलग सोळा शर्यती ती अजिंक्य होती. १९८४ ची चॅम्पियन हर्डल आणि १९८६ चा गोल्ड कप हे दोन्ही जिंकणारी आजवरची एकमेव डॉन रन, तीही घोडीच. तिचा बाप डीप रन हा त्या काळात आयरिश उडीच्या घोड्यांचा सर्वात यशस्वी बाप होता. पण ती १९८६ मध्येच फ्रान्समधल्या शर्यतीत पडून मेली आणि तिच्या पोटचं पान कोरंच राहिलं.

एकाच नावाची गर्दी

सॅडलर्स वेल्स सगळीकडे असण्याचा तोटाही आहे. समजा एका शेतकऱ्याकडे किंग्ज थिएटरची मुलगी आहे. तिला वॉक इन द पार्ककडे नेली तर शिंगराच्या वंशावळीत सॅडलर्स वेल्स बापाकडून तिसऱ्या पिढीत आणि आईकडूनही तिसऱ्या पिढीत येतो. धंद्याच्या भाषेत 'तीन बाय तीन'. आपल्याकडे सगोत्र विवाहाबद्दल जी शंका असते तीच शंका इथे, फक्त ती आकड्यात लिहितात. चार बाय चार लोक बिनदिक्कत करतात. तीन बाय तीनला थोडे थबकतात.

म्हणून बाहेरचं रक्त शोधलं जातं. जर्मनीच्या मोन्सुनमध्ये नॉर्दर्न डान्सरचं रक्त अजिबात नव्हतं, आणि त्याची संतती दमदार, पायांनी बळकट. त्याचे मुलगे शिरोको, नेटवर्क, गेटअवे उडीच्या जगात गेले. शिरोकोची मुलगी ॲनी पॉवर २०१६ ची चॅम्पियन हर्डल जिंकली. फ्रान्सची वाट आणखी वेगळी. तिथे घोडे तिसऱ्या वर्षीच हर्डलवर जातात आणि काही नर न खच्ची करता उडीच्या शर्यती पळतात, म्हणजे तिथे उडीवर सिद्ध झालेला घोडा बाप होऊ शकतो. सेंट डे सेंट्स हे त्याचं ठळक उदाहरण. आयरिश तबेल्यांत आज फ्रेंच घोड्यांची एवढी रेलचेल का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. २०२३ आणि २०२४ चा गोल्ड कप जिंकलेला गालोपाँ दे शाँ फ्रेंच जन्माचाच.

पानाला न कळणारं

टलीचा तो स्टड १९०० साली विल्यम हॉल वॉकर नावाच्या श्रीमंत गृहस्थांनी काढला. ते जन्मलेल्या प्रत्येक शिंगराची पत्रिका मांडायचे! ग्रह बरे नसले तर शिंगरू विकून टाकायचे. घोड्यांच्या खोल्यांना त्यांनी छतात झरोके ठेवले, चंद्र-ताऱ्यांचा प्रभाव आत यावा म्हणून. ते झरोके आजही पाहता येतात. १९१५ मध्ये त्यांनी सगळा स्टड ब्रिटिश सरकारला देऊन टाकला. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, पण शिंगराच्या डोक्यावर आकाश असावं असं वाटणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे.

शंभर वर्षांनी त्याच देशात जनुकांची पत्रिका मांडली गेली. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या एमेलिन हिल यांच्या चमूनं २०१० मध्ये दाखवलं की स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन या एका जनुकाच्या रूपावरून घोडा कमी अंतराचा की लांब पल्ल्याचा याचा अंदाज बांधता येतो. या जनुकाची सी आणि टी अशी दोन रूपं, घोड्यात त्यांची जोडी असते. सी-सी असेल तर कमी अंतराचा वेगवान, टी-टी असेल तर दमाचा, सी-टी मधला. रक्ताचा नमुना द्या आणि उत्तर घ्या. पण हे जनुक अंतर सांगतं, धैर्य सांगत नाही. पुढचा घोडा पडल्यावर त्याच्यावरून वाट काढायची हुशारी, चौथ्या मैलावर फुप्फुसं जळत असताना पुन्हा एकदा उचलायची जिद्द, याची चाचणी अजून कुणाकडे नाही.

म्हणूनच पानाला चकवणारे घोडे येत राहतात. रेड रम किलकेनी काउंटीत जन्मला. त्याचं रक्त वेगाचं, मैलभर पळण्याचं होतं. त्यानं जगातली सर्वात खडतर समजली जाणारी, चार मैलांहून लांब अंतराची ग्रँड नॅशनल तीनदा जिंकली, १९७३, १९७४ आणि १९७७. टायगर रोल डर्बी विजेत्या ऑथराइज्डचा मुलगा, सपाटीसाठी जन्माला घातलेला आणि बारक्या अंगाचा. त्यानं २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं ग्रँड नॅशनल जिंकली.

आणि २०२३ ची सुप्रीम नॉव्हिसेस हर्डल. एका बाजूला फॅसील व्हेगा, बाप वॉक इन द पार्क, आई क्वेव्हेगा, घराणं पाहावं तर राजघराणं. दुसऱ्या बाजूला मरीन नॅसिओनाल, बाप फ्रेंच नेव्ही, ज्याच्याकडे फारसं कुणी घोड्या नेत नसे. जिंकला मरीन नॅसिओनाल. पाठीवर होता मायकल ओसुलिव्हन, नुकताच हौशीचा व्यावसायिक झालेला तरुण. फेब्रुवारी २०२५ मध्ये थर्ल्सच्या मैदानावर घोडा पडून झालेल्या दुखापतीनं मायकल गेला, वय अवघं चोवीस. पुढच्याच महिन्यात मरीन नॅसिओनालनं चेल्टनहॅमची चॅम्पियन चेस जिंकली, तेव्हा स्टँडमध्ये मोठमोठी माणसं रडत होती.

त्या रविवारी शेतात मी कार्ड पाहून आईचं नाव वाचून दाखवलं. म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी मान हलवली. नाव त्यांना माहीत होतंच, खात्री करून घ्यायची होती. कार्डाची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत ते म्हणाले, "तिची धाकटी बहीण माझ्याकडे आहे. एप्रिलमध्ये व्यायची आहे." शेतातल्या शर्यतीनं पान काळं होत नाही. हा घोडा चांगल्या तबेल्यात गेला, वरच्या दर्जाची शर्यत जिंकला, तर होईल, आणि मग त्यांच्या गोठ्यातल्या पोटातल्या शिंगराचा तो मावसभाऊ ठरेल. ते घोड्याच्या मागोमाग चालू लागले, विकायला कुठे नेणार आहेत ते विचारायला.